मुक्काम पोस्ट एस. आगाता

शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून हाक मारली आणि विचारलं, "तुला ती जुनी अक्षरं वाचता येतात ना?"

जुनी अक्षरं म्हणजे मोडी. पुण्यात असताना हौसेनं मोडीचा वर्ग केला होता. त्यातलं निम्मं आता विसरलेही आहे. कधीतरी कॉफी पिताना हे बोलून गेले असेन, आजींनी ते लक्षात ठेवलं. आजी ८७ वर्षांच्या, जन्म न्यू जर्सीतला, घराणं इटालियन. मोडीचा आणि त्यांच्या कामाचा काडीचाही संबंध नाही हे मी सांगेपर्यंत त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात बिस्किटांची बशी ठेवली आणि छापलेल्या कागदांचा गठ्ठा सरकवला.

गठ्ठा नातवाचा. त्याला इटलीचा पासपोर्ट हवा होता. पूर्वज इटालियन असल्याचे कागद नीट जुळवले तर नागरिकत्व मिळायचं, कितव्या पिढीपर्यंत याला मर्यादा नव्हती. पोरानं झपाटून शोध सुरू केला. मग २०२५ च्या मार्चमध्ये इटलीच्या सरकारनं वटहुकूम काढला. आई-वडील किंवा आजी-आजोबा इटालियन असतील तरच, त्यापलीकडे नाही. नातवाचा उत्साह त्या दिवशी संपला आणि आजींचा सुरू झाला. "त्याला पासपोर्ट पाहिजे होता," म्हणाल्या, "मला माझी नोन्ना पाहिजे."

नोन्ना म्हणजे आजी. आजींची आजी. तिच्याबद्दल घरात ठाऊक असलेलं एवढंच, की सगळे तिला जेनी म्हणायचे. नेपल्सहून जहाजानं आली तेव्हा कडेवर आजींची आई होती आणि बोटाला मामा. आणि नोन्नो, म्हणजे आजोबा, त्यांना घ्यायला पहाटेपासून धक्क्यावर संत्र्यांची पिशवी घेऊन उभे होते. ही संत्र्यांची गोष्ट आजी दर ख्रिसमसला ऐकत आल्या आहेत, आणि गेली तीसेक वर्षं सांगतही आल्या आहेत.

मला वाटलं होतं, नाव टाकायचं, बटण दाबायचं, की झालं. न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस आयलंड, म्हणजे बाहेरून आलेल्यांना तपासून आत घेणारं बेट, १८९२ ते १९५४ चालू होतं, त्यातल्या १९२४ पर्यंतच्या जहाज-प्रवाशांच्या याद्या २००१ पासून इंटरनेटवर आहेत. मॉर्मन चर्चच्या हजारो स्वयंसेवकांनी दोन कोटींच्या वर नावं डोळ्यांत तेल घालून उतरवून काढली. पण उतरवणार कशावरून? मूळ वह्यांची मायक्रोफिल्म केली गेली आणि नंतर वह्या नष्ट झाल्या. त्या फिल्मवर कुठे शाई फुटलेली, कुठे पान दुमडलेलं, कुठे निम्मं पान काळंठिक्कर. आणि ज्यानं लिहिलं तो नेपल्सच्या कचेरीतला कारकून. समोर शेकडो माणसांची रांग, आणि जहाज सुटायची वेळ झालेली.

हो, नेपल्सचा. मलाही हे आधी माहीत नव्हतं. आजींची ठाम समजूत होती की एलिस आयलंडवरच्या साहेबानं त्यांच्या आडनावाचं शेपूट कापलं. अमेरिकेतल्या निम्म्या इटालियन घरांत ही गोष्ट सांगतात, सिनेमांनीही ती पक्की केली आहे. प्रत्यक्षात यादी जहाज निघतानाच तयार व्हायची, जहाज कंपनीची माणसं करायची. बेटावरचा इन्स्पेक्टर तीच यादी पुढ्यात घेऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचा आणि उत्तरं जुळतात का ते बघायचा. शेजारी दुभाष्या असायचा. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला ग्वार्दिया १९०७ ते १९१० या काळात तिथे दुभाष्याचंच काम करत होते. अशा ठिकाणी नाव बदलायला कुणाला सवड होती? शेपूट कापलं असेल ते नंतर, कारखान्याच्या हजेरीपटावर किंवा शाळेत. आजींना हे पटलं नाही. त्या साहेबावर त्यांचा ८० वर्षांचा राग आहे, तो असा एका दुपारी थोडाच जाणार.

आता अक्षराचं सांगते. लपेटेदार इंग्रजी अक्षर पाहिलंत तर कॅपिटल 'एल' आणि कॅपिटल 'एस' सख्खी जुळी भावंडं. वरची गाठ कुठल्या बाजूला वळते एवढाच फरक, आणि बोरू घाईत असला की तोही नाही. 'एफ' आणि 'टी' तसेच. 'एन' आणि 'यू' तर कुठेही अदलाबदल करा. इटालियन हात एक लिहिताना आधी खालून वर लांब रेघ ओढतो, ती इतकी लांब की अमेरिकन डोळ्याला तो सात दिसतो. खरा सात लिहिताना मग पोटात आडवी रेघ मारतात. त्यामुळे सतरा वर्षांचा मुलगा यादीत सत्त्याहत्तरचा होऊन बसतो.

इथे मोडी कामाला आली बरं का, अगदी अनपेक्षितपणे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, अक्षर आडलं की आडलं. तेव्हा आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं की आडलेल्या अक्षराकडे बघत बसायचं नाही. त्याच लेखकाचं तेच अक्षर ओळखीच्या शब्दात कुठे आलंय ते हुडकायचं. यादीतही तेच केलं. चार ओळी खाली 'साल्व्हातोरे' होता. तो साल्व्हातोरेच, लाल्व्हातोरे असं नाव जगात नाही. त्याचा 'एस' बघितला, आमच्या ओळीतलं अक्षर बघितलं. तीच गाठ, तीच वेलांटी. नोन्नोंचं आडनाव यंत्रात 'एल'खाली घातलं होतं ते 'एस'चं निघालं.

एवढ्यासाठी नातवानं तीन महिने घालवले होते. नावांचा उच्चार जवळपास असला तरी सापडावं म्हणून साउंडेक्स नावाची युक्ती आहे, १९१८ साली तिचं पेटंट निघालं. स्वर गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एक आकडा द्यायचा. युक्ती चांगली, पण पहिलं अक्षर ती आहे तसं ठेवते. पहिलंच चुकलं तर सगळं मुसळ केरात. त्यावर उपाय केला तो स्टीफन मोर्स या गृहस्थांनी. तुमच्या-माझ्या कॉम्प्युटरांचा खापरपणजोबा म्हणावा अशी इंटेलची ८०८६ चिप, तिचा हा शिल्पकार. एलिस आयलंडच्या याद्या आडून-तिरपं कसंही शोधता यावं म्हणून त्यानं स्वतःची पानं बनवून फुकट खुली केली. आडनावाच्या मधली चार अक्षरं टाकून मी शोधलं आणि नोन्नो मिळाले. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा १९०६ साली, वय २४. दुसऱ्यांदा १९०९ साली, वय ३०. तीन वर्षांत माणूस सहा वर्षांनी वाढला, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. आजी गोंधळल्या, "हे दोघं वेगळे असतील." पण वेगळे नव्हते. दक्षिण इटलीतले कितीतरी गडी असे ये-जा करायचे, त्यांना तेव्हा अमेरिकेत 'स्थलांतरी पाखरं'च म्हणत. १९०७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बँका गडगडल्या, कामं बंद पडली, आणि इटालियन मजूर मोठ्या संख्येनं गावी परतले. नोन्नोही त्यातच गेले असणार. मी वहीत तारखा मांडल्या. आजींची आई १९०८ च्या नोव्हेंबरातली. म्हणजे नऊ महिने मागे... आजींनी माझ्याआधी बोटं मोजली आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. "बँका बुडाल्या म्हणून मी आहे," म्हणाल्या.

नोन्नो सापडले, नोन्ना सापडेना. नवऱ्याचं आडनाव 'एस'नं टाका, 'एल'नं टाका, शेपटासकट टाका, बिनशेपटाचं टाका. जेनी टाका. जेनीचं मूळ जोव्हान्ना असेल म्हणून ते टाका. इटालियन नावांची इंग्रजीत गेल्यावर कशी वासलात लागते याला काही धरबंध नाही. साल्व्हातोरेचा सॅम, गाएतानोचा गाय, कालोजेरोचा चार्ली. दीड महिना मी रोज रात्री भांडी आवरल्यावर तासभर बसायचे. नवरा विचारायचा, "कोण तुझी ती?" मला उत्तर देता यायचं नाही.

उत्तर दीड महिना माझ्याच गठ्ठ्यात होतं. १९०७ च्या कायद्यानंतर यादीत इतके प्रश्न वाढले की एका पानावर मावेनात, म्हणून ती दोन जोडपानांवर पसरली. यंत्र आपल्याला डावं पान दाखवतं, उजवं आपणहून उलटावं लागतं. प्रश्न तरी काय! तिकिटाचे पैसे कोणी भरले, जवळ ५० डॉलर आहेत का, कमी असल्यास किती, तुरुंगात होतात का, वेड्यांच्या इस्पितळात होतात का, एकाहून जास्त बायका आहेत का, अराजकवादी आहात का. (१९०१ साली राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींना एका अराजकवाद्यानं गोळी घातली, त्यानंतरचा हा प्रश्न. याला 'हो' म्हणणारा कुणी भेटला असेल का, देव जाणे.) काम आधीच ठरवून आला आहात का, हा प्रश्न साधा दिसतो, पण तो सापळा होता. करारावर मजूर आणायला बंदी होती, 'हो, काम ठरलंय' असं कौतुकानं सांगणाऱ्याची रवानगी परत. वंशाच्या रकान्यात दक्षिणेकडचे इटालियन वेगळे आणि उत्तरेकडचे वेगळे. साहेबाच्या लेखी ते दोन निराळे लोक होते.

आणि या सगळ्यात एक रकाना होता: मागे राहिलेलं सर्वांत जवळचं नातलग, नाव आणि पत्ता. नोन्नोंच्या १९०९ च्या यादीत तिथे लिहिलं होतं, बायको, विन्चेन्झा, आणि पुढे एक शब्द. तो शब्द मी गावाचं नाव समजून सोडून दिला होता. गाव त्याच्या खाली होतं. तो शब्द तिचं आडनाव होता. तिच्या वडिलांचं.

इटलीत लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. सरकारी कागदावर ती जन्मली त्या आडनावानं जगते आणि त्याच आडनावानं मरते. जहाजाच्या यादीतही तेच. हे मला सुचू नये? नाही सुचलं, कारण मी ज्या घरातून आले तिथे बाई शोधायची तर नवऱ्याच्या नावाखाली शोधायची हे इतकं अंगात मुरलेलं आहे. माझंच बघा. दहावीच्या दाखल्यावर मी वेगळी, पासपोर्टवर वेगळी. दोघी एकच हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली जाहिरात, तिच्या झेरॉक्स मी आजही फाइलीत घेऊन फिरते. माझ्या आजीचं तर पहिलं नावही सासरी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून बदललं. तिचं माहेरचं नाव मला कळलं ते तिच्या तेराव्याला, तिच्या ९० वर्षांच्या बहिणीनं हंबरडा फोडला तेव्हा. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, की ही कुणाला हाक मारते आहे?

विन्चेन्झाची घरगुती हाक एन्झा. एन्झाची जेनी झाली ती अमेरिकन शेजारणींच्या तोंडी. वडिलांच्या आडनावानं शोधल्यावर ती दोन मिनिटांत आली. १९१० चा ऑक्टोबर, जहाज 'प्रिन्झेस इरेने', जेनोवा-नेपल्स-न्यूयॉर्क अशी फेरी मारणारी जर्मन बोट. वय २६, गृहिणी, लिहिता-वाचता येत नाही, जवळ ११ डॉलर. खाली मुलगा, पाच वर्षं. त्याखाली मुलगी; वयाला वर्षं आणि महिने असे दोन रकाने, त्यात १ आणि ११. दोन्ही मुलांच्या आडनावाच्या जागी कारकुनानं नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा मारलेल्या. म्हणजे पोरंसुद्धा आजोळच्या आडनावाखाली दडली होती. आजींनी त्या १ आणि ११ वर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. ती त्यांची आई.

गावाचा घोळ राहिलाच. यादीत गाव होतं 'एस. आगाता'. म्हणजे सांता आगाता, संत आगाथाच्या नावाचं गाव. अशी गावं इटलीत किती! सिसिलीत मिलितेल्लोची, पुलियात फोज्जाजवळची, काम्पानियात गोतींची. आपल्याकडे पाकिटावर नुसतं 'मु. पो. वडगाव' लिहिण्यातला प्रकार. मावळातलं की शेरी की बुद्रुक? एन्झाच्या ओळीत वडिलांचं नाव होतं आणि गावापुढे अगदी कोपऱ्यात, पान संपत आलं म्हणून दाबून बसवलेली चार अक्षरं: 'गोती'. सांतागाता दे गोती, जिल्हा बेनेव्हेंतो. फोटो काढून आजींना दाखवले. दरीच्या उभ्या कड्यावर घरं अशी टेकवलेली, की खिडकीतून बादली सोडली तर थेट ओढ्यात. आजी म्हणाल्या, "म्हणून ती आम्हाला कधी खिडकीत उभं राहू द्यायची नाही."

गाव कळल्यावर पुढचं सोपं होतं. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांनी जन्म-लग्न-मृत्यूची जुनी रजिस्टरं 'अंतेनाती' नावाच्या संकेतस्थळावर ठेवली आहेत. अंतेनाती म्हणजे पूर्वज. एन्झाचा जन्माचा दाखला निघाला. त्यात आकडे नाहीत, वर्ष-महिना-दिवस सगळं अक्षरी, आपल्या चेकवर लिहितात तसं. बापानं मूल घेऊन कचेरीत यायचं, साक्षीदार आणायचे. आणि एक गंमत म्हणजे बापाच्या नावापुढे त्याच्या बापाचं नाव. मधे 'दी' असेल तर तो बाप हयात, 'फू' असेल तर वारलेला. आपल्या 'कै.'सारखं, फक्त दोनच अक्षरं. एन्झाचा आजोबा 'फू' होता. जन्माची वेळसुद्धा होती, पहाटे चार वाजता. मी पटकन म्हणून गेले, "अहो, हिची पत्रिका करता येईल!" मग पत्रिका म्हणजे काय हे आजींना समजावण्यात पाऊण तास गेला, आणि आता त्यांना ती करून हवी आहे.

माझ्याकडे असं काही नाही. कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्यांचं तरी आहे. तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या गिरमिटियांची रजिस्टरं जपली आहेत, नाव, बापाचं नाव, गाव, उंची. आमच्या घरातलं कुणी कुठे गेलंच नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याचे सात पुरुष सापडतात, त्यातल्या एकाची मोडी सहीसुद्धा मी वाचली आहे. आजीच्या आईचं माहेरचं नाव मात्र मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ती माणसं गेली. सांतागातातल्या एका शेतमजुराच्या मुलीचा जन्म पहाटे चारला झाला हे मला माहीत आहे, आणि स्वतःच्या पणजीचं नाव माहीत नाही.

तर, फुलीचं सांगायचं राहिलं. एन्झाच्या नावाच्या डावीकडे, समासात, एक फुली होती. आपल्या शाळेच्या सवयीनं मी ती 'चूक' अशी वाचली. नाव खोडलं असेल, बोटीत चढलीच नसेल. पण खोडलेल्या नावावर आडवी रेघ असते. फुली म्हणजे थांबवून ठेवलेली. अशांची वेगळी यादी त्याच जहाजाच्या कागदांत अगदी शेवटी असते. तीसेक पानं उलटल्यावर ती मिळाली. बाई एकटी, बरोबर लेकरं, म्हणजे न्यायला घरचा पुरुष आल्याशिवाय बेटावरून सोडत नसत. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: 'नवऱ्याकडे'. पुढे नेवार्कचा पत्ता. त्यापुढे सोडल्याची तारीख आणि वेळ. आणि पानाच्या उजव्या टोकाला तीन बारीक रकाने: नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. तिन्हींत तीन-तीन.

हे तीन-तीन काय ते आधी उलगडेना. तीन दिवस? मग तारखा लावल्या. बोट एका तारखेला लागली, सुटका दुसऱ्या तारखेला, दुपारी. म्हणजे तीन माणसांचं पहिल्या रात्रीचं जेवण, तीन माणसांचा सकाळचा नाश्ता, तीन माणसांचं दुपारचं जेवण. दोन वर्षांच्या बाळाच्या नावावरही एक ताट.

मी हे आजींना सांगावं की नाही याचा विचार करत होते, पण त्या माझ्याआधीच चष्मा वर करून तारखांकडे बघत होत्या.

"म्हणजे नोन्नो दुसऱ्या दिवशी आला," त्या म्हणाल्या. "दुपारी."

"हो, तसं दिसतंय."

"पहाटेपासून उभा नव्हता."

मी काही बोलले नाही. आजींनी कागद उलटा केला, मागे काही आहे का बघितलं, परत सुलटा केला.

"आणि संत्री?"

"संत्र्यांचा रकाना नाहीये त्यात," मी म्हटलं.

आजींनी मान हलवली, कागद घडी करून बिस्किटांच्या डब्याखाली ठेवला आणि कॉफी टाकायला उठल्या. "ख्रिसमसला घरी काही बोलू नकोस," पाठमोऱ्याच म्हणाल्या.